आप्पांच्या पावसाच्या फाइली

संगणकाने एखादी फाइल उघडायला नकार दिला की आपल्याकडे निदान लगेच होतं: फाइल खराब झाली. शाळेच्या ऑफिसात, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, सगळीकडे मी हे ऐकलेलं आहे. त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं. ‘जाऊ द्या, जुनीच आहे, डिलीट करा.’ माझ्या सासऱ्यांनी जन्मभर मोजलेला पाऊस या दोन वाक्यांत जाणार होता. तो कसा वाचला ते सविस्तर सांगते, कारण अशा फाइली घरोघरी पडून आहेत आणि त्यातल्या बहुतेक धडधाकट आहेत.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले. आमचं गाव कोकणात, नदीच्या वरच्या अंगाला. अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात, जिथे माडाची किंवा छपराची आड येणार नाही अशा जागी, त्यांनी पर्जन्यमापक रोवलेला होता. त्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर, काठ अगदी समपातळीत. रोज सकाळी साडेआठला ते मोजपात्र घेऊन बाहेर यायचे. साडेआठ ही हवामान खात्याची वेळ. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. आषाढात डोक्यावर इरलं घेऊन, अंगात ताप असला तरी, ही वेळ त्यांनी पाळली. ‘नऊला मोजलंस तर अर्धा तास कोणाच्या खात्यात टाकशील?’ असं ते मला विचारायचे. मी कॉलेजात भूगोल शिकवते, पण नोंद म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं.

१९६८ पासूनच्या नोंदी आधी वह्यांत होत्या. १९९५ च्या सुमारास मुंबईतल्या एका ऑफिसाने जुने संगणक काढले, त्यातला एक आप्पांच्या पुतण्याने घरी आणला. त्यावर विंडोज ३.१ आणि एक्सेल ४ होतं. साठी ओलांडलेल्या आप्पांनी ते शिकून घेतलं आणि एकेक वर्षाची वही उतरवायला बसले. एक्सेल ४ ची साधी फाइल म्हणजे एकच पान, म्हणून वर्षाला एक फाइल, आणि नावात आठच अक्षरं मावतात म्हणून ‘पाऊस’ची रोमन अक्षरं आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. वीज गेली की न साठवलेलं जायचं, म्हणून प्रत्येक महिना संपला की ते फाइल सेव्ह करत. शेवटच्या रकान्यात शेरा असे, मराठीतच, पण रोमन अक्षरांत: ओढ्याला पूर, एसटी बंद, भात आडवं. अशा तीस वर्षांच्या फाइली फ्लॉपीवर, फ्लॉपीवरून पुढच्या संगणकावर, तिथून पेनड्राइव्हवर आल्या. मूळ वह्यांची ट्रंक माळ्यावर होती. ती आप्पांच्या मागे उघडली तेव्हा वाळवीने दोनच वह्या धड ठेवल्या होत्या.

त्यामुळे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने ‘मॅडम, तुमच्याकडे रोजचा पाऊस आहे असं कळलं’ म्हणून फोन केला तेव्हा तिला देण्यासारखं जे होतं ते त्या पेनड्राइव्हवरच होतं. २००५ आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरांनंतर आमच्या भागात प्रत्येकजण म्हणतो की असा पाऊस पूर्वी पडत नव्हता. ती ते तपासणार होती. सरकारी केंद्रांचे आकडे तिने मिळवले होते, पण दोन केंद्रांमधल्या डोंगराआड काय पडतं ते त्यांत उतरत नाही. त्यासाठी आमच्या अंगणासारखी एखादी जागा लागते.

फाइलवर डबल क्लिक केलं आणि इंग्रजीत एक चौकट आली. मजकुराचा अर्थ असा: तुम्ही जो प्रकार उघडू पाहता आहात, एक्सेल ४.० वर्कशीट, तो ट्रस्ट सेंटरमधल्या फाइल ब्लॉक सेटिंग्जनुसार अडवलेला आहे. दुसरी फाइल, तिसरी फाइल, तेच. बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात पेनड्राइव्ह दाखवला तर तिथल्या मुलाने मिनिटभरात सांगितलं, ‘करप्ट आहेत, काकू. इतक्या जुन्या कशाला ठेवता?’ त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या पिढीने एक्सेल ४ पाहिलेलंच नाही.

मला मात्र ती चौकट नीट वाचावीशी वाटली. तिने प्रकाराचं नाव बरोबर सांगितलं होतं. जी फाइल खरोखर बिघडलेली असते तिचा प्रकार बहुधा ओळखता येत नाही आणि एक्सेल तसं वेगळ्या शब्दांत सांगतं. इथे संगणकाने फाइल ओळखली होती आणि ओळखूनच दारात थांबवली होती. गंज चढून अडकलेलं दार आणि कुलूप घातलेलं दार यांत जो फरक, तोच इथे होता.

खात्री करायला एक साधी तपासणी आहे. फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडायची. असा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि तो फाइलमधलं काहीही चालवत नाही, नुसते बाइट दाखवतो. एक्सेल ४ च्या वर्कशीटची सुरुवात ०९ ०४ ०६ ०० अशी होते. एक्सेल ३ ची ०९ ०२ ०६ ०० आणि एक्सेल २ ची ०९ ०० ०४ ००. अडवलेल्या सगळ्या फाइली शिस्तीत ०९ ०४ ने सुरू होत होत्या. थोडं खाली गेल्यावर उजवीकडच्या बाजूला त्यांचे शेरे रोमन अक्षरांत वाचताही येत होते, एक्सेलमध्ये फाइल न उघडता. ‘ओढ्याला पूर’ मी तिथेच पहिल्यांदा वाचलं आणि नवऱ्याला हाक मारली.

आता ही अडवणूक कशासाठी, ते समजून घेतल्याशिवाय कुलपाला हात लावू नये असं मला वाटतं. जुन्या फाइलींचा प्रकार मुळात वाईट नसतो. अडचण ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या आतल्या जुन्या भागात असते. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकात ते भाग लिहिले गेले तेव्हा फाइल म्हणजे शेजारच्या टेबलावरून फ्लॉपीवर आलेली वस्तू. कोणी मुद्दाम वाकडी फाइल बनवून पाठवील हे गृहीत धरलेलं नव्हतं. फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ‘पुढची नोंद इतक्या बाइटची आहे.’ त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला आणि आकडा खोटा निघाला, तर संगणकाच्या स्मृतीत भलत्या जागी लिहिलं जातं आणि फाइल बनवणाऱ्याला तुमच्या संगणकावर स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येतो. शिवाय १९९२ च्या एक्सेल ४ बरोबर आलेली मॅक्रोंची, म्हणजे फाइलीतच चालणाऱ्या आज्ञांची, भाषा हल्लेखोरांनी पुढे पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा वापरात आणली. ती इतकी की २०२२ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सेलमध्ये ती मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवल्याचं जाहीर केलं. आप्पांच्या फाइलींत मॅक्रो नव्हते, पण हे एक्सेलला दारात कसं कळणार?

या अडवणुकीचा पहिला मोठा फटका लोकांना २००७ मध्ये बसला होता. त्या सप्टेंबरात ऑफिस २००३ ची तिसरी सर्व्हिस पॅक आली आणि ती घातल्यावर एक्सेलच्या काही जुन्या फाइली, लोटस १-२-३ च्या फाइली, जुनी पॉवरपॉइंट सादरीकरणं आणि कोरलड्रॉची चित्रं उघडेनाशी झाली. उघडायची तर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालायचा, जे सामान्य माणसाने करू नये अशीच सूचना असते. आरडाओरडा झाला. २००८ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने माफी मागितली, सोपा उपाय दिला आणि हेही मान्य केलं की असुरक्षित म्हणायचं तर फाइलीच्या प्रकाराला म्हणता येत नाही, ती वाचणाऱ्या कोडला म्हणावं लागतं. आज जो फाइल ब्लॉकचा तक्ता एक्सेलच्या आत दिसतो त्यामुळे निदान रजिस्ट्रीत शिरावं लागत नाही. मला हा तक्ता चांगला वाटतो. त्यात काय अडवलंय ते ओळीओळीने लिहिलेलं आहे आणि निर्णय तुमच्या हातात आहे. तो तिथे आहे हे मात्र लोकांना कोणी सांगत नाही.

तिथे जायची वाट अशी: फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, आणि डावीकडच्या यादीत फाइल ब्लॉक सेटिंग्ज. उजवीकडे प्रकारांची यादी उघडते, प्रत्येकापुढे ओपन आणि सेव्ह असे दोन चौकोन. एक्सेल २, ३ आणि ४ च्या ओळींवर टिक होती. खाली तीन पर्याय असतात. टिक केलेले प्रकार अजिबात उघडायचे नाहीत, हा पहिला. प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरते आणि वेगळ्या कोंडवाड्यात उघडायचे, हा दुसरा. प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडायचे पण बदल करायची मुभा द्यायची, हा तिसरा. ज्याला विचारावं तो ‘सगळ्या टिका काढून टाका’ असं सांगतो. तसं करू नये. टिका तशाच ठेवाव्यात आणि खालचा पर्याय बदलावा. फाइल उघडते, पण मोकाट सुटत नाही.

कॉलेजच्या संगणकावर हा सगळा तक्ता करड्या रंगात होता, काही बदलताच येत नव्हतं. तिथे हे संस्थेच्या पातळीवर ठरवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. शे-दीडशे मुलांचे निकाल त्याच जाळ्यात आहेत. म्हणून घरातला जुना लॅपटॉप काढला, त्याचं वायफाय बंद केलं, फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवली आणि मूळ पेनड्राइव्ह कपाटात गेला. प्रतीवर अँटिव्हायरस फिरवला. मग दुसरा पर्याय निवडून पहिली फाइल उघडली, पाहिली. आत आकडे होते, मॅक्रो नव्हते, बाहेरच्या फाइलींचे दुवे नव्हते. त्यानंतर तिसऱ्या पर्यायावर जाऊन एकेक फाइल नव्या एक्सेलच्या प्रकारात सेव्ह केली. काम झाल्यावर पर्याय पुन्हा पहिल्यावर नेला. हे शेवटचं पाऊल लोक विसरतात आणि मग महिनाभराने ईमेलने आलेली कसली तरी ‘जुनी’ फाइल त्याच उघड्या दारातून आत येते.

ज्यांच्याकडे एक्सेलच नाही त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस आहे. ते फुकट मिळतं आणि एक्सेल ४ च काय, लोटसच्या फाइलीही वाचतं. लोटसच्या फाइली तर एक्सेलने २००७ पासून उघडणंच सोडलं आहे. पडताळा म्हणून मी आप्पांच्या काही फाइली तिथेही उघडल्या आणि दोन्हीकडचे आकडे जुळवून पाहिले.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि याबद्दल कुठेच कोणी लिहीत नाही. उघडली म्हणजे वाचली असं होत नाही.

१९७१ ची फाइल. १ जूनच्या ओळीत तारखेच्या घरात एक्सेलने आत २५९३९ हा आकडा धरला होता. एक्सेल तारीख म्हणून १९०० च्या १ जानेवारीपासूनचा दिवसांचा अनुक्रमांक ठेवतं. त्या हिशोबात १ जून १९७१ म्हणजे २६०८५ यायला हवं. २५९३९ म्हणजे ६ जानेवारी. झालं होतं असं की तो संगणक मुंबईहून अमेरिकन सेटिंगमध्ये आला होता, आधी महिना मग दिवस. आप्पा आपल्या पद्धतीने एक-सहा-एकाहत्तर टाइप करायचे, संगणक त्याची सहा जानेवारी करायचा. बारा तारखेपर्यंत हेच. तेरा तारखेला तेरावा महिना सापडेना, म्हणून ते घर नुसता मजकूर म्हणून राहिलं. पडद्यावर नीट पाहिलं तर कळतं: प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा घराच्या उजव्या कडेला चिकटलेल्या, तेरापासून पुढच्या डाव्या कडेला. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून आप्पांना कधी खटकलं नसणार.

ती मुलगी कामाला चटपटीत. तिने फाइल हातात येताच तारखेनुसार क्रम लावायला घेतला. मी तिचा हात धरला. क्रम लावला असता तर १ जूनचा पाऊस जानेवारीत गेला असता आणि सगळं परत जागेवर आणणं अवघड झालं असतं. आप्पांच्या ओळींचा मूळ क्रम हीच खरी तारीख होती, कारण वहीतून उतरवताना ते कधी ओळ सोडणारे नव्हते. आम्ही आधी प्रत्येक ओळीला अनुक्रमांक दिला, मग त्यावरून तारखांचा नवा रकाना केला आणि जुना तसाच शेजारी राहू दिला.

दुसरी गोष्ट आडव्या रेघेची. काही घरांत आप्पांनी शून्य लिहिलं होतं, काही घरांत नुसती रेघ. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे मोजलाच नाही, ते लग्नाला किंवा हॉस्पिटलात होते. तिच्या प्रोग्रॅमने रेघांचे शून्य केले होते. जुलैतल्या चार रेघांचे चार शून्य झाले की त्या वर्षीचा जुलै खोटाच कोरडा होतो. ती म्हणाली, ‘मॅडम, सगळेच असं करतात.’ मी तिला साडेआठची गोष्ट सांगितली. तिने प्रोग्रॅम बदलला, आणि पुढे मला न विचारता प्रत्येक फाइलीत रेघा कुठे आहेत याची वेगळी यादीही केली.

वाळवीतून वाचलेल्या दोन वह्या इथे उपयोगाला आल्या. त्या दोन वर्षांचा रोजचा आकडा आम्ही समोरासमोर बसून जुळवला, ती पडद्यावरून वाचत होती आणि मी वहीवर बोट ठेवून. आप्पांचं सुंदर, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर. टाइप करताना त्यांनी कुठे दशांश चिन्ह विसरलं असेल ही भीती होती. एके ठिकाणी ४८.२ चे ४८२ झाले होते, आणि महिन्याच्या बेरजेवरून ते लगेच कळलं. कारण वहीतली हाताने केलेली बेरीजही त्यांनी फाइलीत शेजारी लिहून ठेवली होती. बाकीच्या वर्षांत वही नसली तरी ही बेरीज होती, म्हणून तिथेही तपासता आलं. शिक्षक माणूस. उत्तर लिहून ताळा करून ठेवणार, कोणी तपासो न तपासो.

हवामान खात्याच्या मोजमापात चोवीस तासांत ११५.५ मिलिमीटरच्या वर गेला की अति जोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार पाऊस धरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तो तर सगळ्या मापांपलीकडचा. आप्पांच्या फाइलींत दोनशेच्या वरचे दिवस आहेत, त्यातला एक २३८ चा, शेऱ्यासकट. तो शेरा वाचून गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांना तो दिवस आठवत होता, साल मात्र प्रत्येकजण वेगळं सांगत होता. असे दिवस पूर्वीपेक्षा वाढले की नाही याचं उत्तर ती मुलगी तिच्या प्रबंधात देईल. तिच्याआधी मी ते देऊ नये.

आप्पांच्या फाइली उघडल्याचं कळल्यापासून गावातले लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात. पतसंस्थेच्या सचिवांनी आणलेल्या फाइली अडवलेल्या नव्हत्या, त्या नुसत्या इंटरनेटवरून आल्या म्हणून पिवळी पट्टी दाखवत होत्या. तो प्रकार वेगळा. विंडोज बाहेरून आलेल्या फाइलीवर एक अदृश्य खूण ठेवतं, आणि पाठवणारा ओळखीचा असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक केली की पट्टी जाते. शेजारच्या शाळेची जुनी पटसंख्या मात्र एक्सेल ४ चीच निघाली. मुख्याध्यापिका बाई ‘सगळं गेलं म्हणायचं होतं ना, तेच पत्र तयार केलं होतं’ म्हणाल्या. त्यांचं पत्र फाइलीला लागायच्या आत फाइल उघडली.

आप्पांच्या फाइली आता तीन रूपांत आहेत: मूळ जशाच्या तशा, नव्या एक्सेलमध्ये, आणि स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकुरात, जो कोणत्याही काळातला कोणताही संगणक वाचू शकेल. सोबत एका पानावर मराठीत लिहून ठेवलं आहे की रेघ म्हणजे काय, साडेआठ म्हणजे काय, आणि कोणत्या वर्षांच्या तारखा उलट्या होत्या. एक संच घरी, एक पुण्याला नणंदेकडे, एक त्या मुलीकडे.

१९९८ नंतरच्या काही फाइली अजून राहिल्यात. तोवर आप्पांकडे नवा संगणक आला होता आणि शेरे ते ‘योगेश’ फॉन्टमध्ये मराठीतून लिहायला लागले होते. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट असल्यामुळे आज तिथे नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. आकडे सुखरूप आहेत, शेरे आहेत पण वाचता येत नाहीत. फॉन्ट एका छापखान्यात सापडला आहे, तो घातला की अक्षरं दिसतात, मग ती युनिकोडमध्ये आणायची. ते काम मी मे महिन्याच्या सुट्टीत धरलं आहे, आणि पर्जन्यमापकाचा काठ पुन्हा समपातळीत बसवायचंही. यंदापासून साडेआठची नोंद माझा मुलगा घेणार आहे.